पहिली फेरी दुसऱ्याची

शांतता मला सोसत नाही. घरातला पंखा अचानक थांबला, बायको भांडता भांडता गप्प झाली, कारखान्यातलं एखादं खडखडणारं मशीन एकदम गुमान चालायला लागलं, की मी हातातलं काम टाकून काय बिघडलं ते पाहायला धावतो. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी शांततेसाठी मी वाट्टेल ते विकत घ्यायचो. हे सगळं झालं एका सायकलच्या ब्रेकमुळे, आणि तेच सांगायला बसलोय. पण त्याआधी आमच्या मंडळाची ओळख करून दिली पाहिजे, कारण असे वेडे जरीपटक्यापासून बुटीबोरीपर्यंत शोधून सापडायचे नाहीत.

आम्ही सहा-सात जण दर रविवारी सकाळी सेमिनरी हिल्सच्या पायथ्याशी जमतो. आम्ही सायकल चालवतो, असा लोकांचा समज आहे. खरं म्हणजे आम्ही सायकलचं सामान विकत घेतो आणि रविवारी ते फिरवून आणतो. नागपूर म्हणजे पोळपाट. त्यावर हा एवढा एकच उंचवटा, पोळी एका बाजूने फुगावी तसा. पण त्या फुगवट्यावर चढायला आमच्याकडे जेवढं सामान आहे, तेवढं घेऊन हिमालयात गेलं तर हिमालयच म्हणेल, राहू द्या, मीच खाली येतो.

एकाने टायटॅनियमचे बोल्ट मागवले. चार बोल्ट. वजन दोन पिसांएवढं कमी झालं म्हणे, आणि त्या आनंदात गडी दोन प्लेट पोहे जास्त खाऊन आला. दुसऱ्याने असा गॉगल घेतला की त्यातून आमचे चेहरे गुलाबी दिसतात. मी बुडाला जेलची गादी असलेली पँट घेतली. ती घालून पहिल्यांदा घरात फिरलो तर बायको म्हणाली, "काहो, एवढी उशी शिवली आहे त्याले, तर झोपायलेच वापरा ना!" आमच्यातले एक भाऊ मिहानमध्ये विमानं दुरुस्त करतात, म्हणून आम्ही त्यांना विमानवाले म्हणतो. त्यांनी नुसता एक पाना घेतला. बोल्ट नेमका किती आवळायचा ते सांगणारा पाना. तो पेटीत ठेवतात, पेटी कपाटात, कपाटाला कुलूप. आणि आमच्या बाई. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, वय सहासष्ट, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली म्हणून त्या आमच्यात आल्या. त्यांनी दोन वर्षांत एकच वस्तू घेतली: पितळेची घंटी. सलवारचा घोळ साखळीत अडकू नये म्हणून त्या त्याला कपड्यांचा चिमटा लावतात. एकदा मी चिडवलं, "बाई, हा चिमटा कोणत्या साइटवरून मागवला?" तर म्हणाल्या, "वाळत घालायच्या दोरीवरून."

आता आमचा नियम. तो केला माझ्यामुळे, हे मी अभिमानाने सांगायचो. झालं असं, की मी नवे टायर घेतले आणि सगळ्यांना सांगितलं, की हे टायर लावल्यावर मी बुटीबोरीहून घरापर्यंत, म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटर, पायडल न मारता आलो. वारं पाठीशी होतं एवढंही मी प्रामाणिकपणे जोडलं होतं. तरी कोणी विश्वास ठेवला नाही. त्या दिवशी विमानवाल्यांनी ठराव मांडला: इथून पुढे नव्या वस्तूची पहिली फेरी घेणाऱ्याने मारायची नाही. ती पाळीने दुसऱ्याने मारायची. वर जायचं, टेकडीवरच्या पुलियावर, म्हणजे छोट्या पुलाच्या कठड्यावर, पाच मिनिटं बसायचं, खाली यायचं आणि निकाल सांगायचा. तोवर ज्याची वस्तू त्याने खाली बसून सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालायचे. पोहे तिथेच मिळतात. तिठ्यावर एका वहिनींची गाडी आहे. त्यांच्या तर्रीने मेलेला माणूस उठून बसतो. बसलेला मी स्वतः पाहिला आहे. बरं, तो मेलेला नव्हता, झोपलेला होता.

तर मी नव्या डिस्क आणि नवे पॅड घेतले. माझ्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत: चाकाच्या मध्यभागी पोलादाची चकती असते आणि ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी धरतात. जुन्या चकत्या चांगल्या होत्या. पण गुलाबी गॉगलनंतर मंडळात माझं काही नावच निघत नव्हतं, आणि ते मला सहन होत नव्हतं. सोबत साखळीचं तेलही घेतलं, निमुळत्या नळीची छोटी बाटली, कानात घालायच्या औषधासारखी. बसवलं सगळं मीच. खोक्यात माहितीचा कागद होता, पण अक्षर इतकं बारीक की तो मुंग्यांसाठी छापला असावा.

शनिवारी संध्याकाळी गल्लीत पहिल्यांदा ब्रेक दाबला आणि जो आवाज निघाला! समोरच्या घरातलं बाळ जागं झालं, दोन कुत्री शेपूट घालून पळाली, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री शर्टावरच ठेवून दिली आणि शर्ट जळाला. जळाला नाही, पिवळा पडला. पण आवाज खरोखर भयंकर होता. नवे पॅड सुरुवातीला ओरडतातच, पाच-पन्नास वेळा दाबून घासले की गप्प बसतात, हे त्या मुंग्यांच्या कागदावर लिहिलेलं होतं म्हणे. मला तेव्हा एवढंच दिसत होतं, की उद्या सकाळी सगळं मंडळ कानात बोटं घालून हसणार आहे.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. बुटीबोरीत कापडाच्या कारखान्यात मी तपासणीला आहे. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत जातं आणि मी त्यात डाग शोधतो. मोहरीएवढा तेलाचा डाग दिसला तरी अख्खं ठाण बाजूला काढतो. ऑपरेटर विनवण्या करतात, "जाऊ द्या ना भाऊ, पुसून टाकू." मी म्हणतो, "एकदा तेल आत शिरलं की ते पुसून निघत नाही." वीस वर्षं हेच म्हणतोय. आणि त्या शनिवारी याच माणसाने, याच हातांनी, ओरडणाऱ्या चकत्यांवर तेल सोडलं. दोन थेंब पुढे, दोन मागे.

आवाज गेला. जादू झाल्यासारखा गेला. मी गल्लीत एक चक्कर मारून ब्रेक दाबला, सायकल लोण्यात सुरी जावी तशी सरकत सरकत थांबली. शेवटी मी सवयीने पाय टेकला होता. तो मी हिशेबात धरला नाही.

बायको दारात उभी होती. "आवाज कसा गेला जी एवढ्यात?"

"हात आहे आपला."

"मिक्सरचाही असाच गेला होता, तुम्ही दुरुस्त केला तवा," ती म्हणाली. "मंग मिक्सरच गेला."

रविवारी सकाळी मी सायकल मंडळाच्या मधोमध उभी केली. वजन कमी करायला घंटीसुद्धा काढून टाकली होती. भाषण केलं. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण या ब्रेकने मी काल सुटलेला बैल थांबवला, असं काहीतरी होतं. मग पाळी पाहिली. पाळी बाईंची होती.

बाईंनी आपली पिशवी त्यांच्या सायकलच्या हँडलला अडकवली, सलवारचा चिमटा तपासला, माझ्या सायकलवर बसल्या. "ब्रेक एवढे शांत आहेत का खरंच?" त्यांनी विचारलं.

"बाई, इतके शांत, की तुम्ही थांबल्याचं तुम्हालाच कळणार नाही."

सगळे हसले. बाई गेल्या. चढ लगेचच सुरू होतो, त्यामुळे ब्रेक दाबायचा प्रश्नच नव्हता. त्यांची पाठ वळणावर दिसेनाशी झाली आणि वहिनींनी माझ्या हातात प्लेट दिली. वर लाल तर्री, कडेला कच्चा कांदा.

विमानवाले माझ्याजवळ सरकले. हा माणूस हळू बोलतो. ज्याच्या चुकीने दोनशे माणसं आकाशातून पडू शकतात, तो तसाच बोलणार.

"काबे, नवीन पॅड अन् बिलकुल आवाज नाही?"

"नाही."

"एकदाही नाही ओरडले?"

"काल ओरडले थोडेसे. मग मी समजूत काढली."

"काय केलं गा?"

"काही नाही. हात."

त्यांनी पोह्यांवर कांदा पसरला. मग म्हणाले, "मागं एकाने असंच केलं होतं. चकती ओरडून राहिली म्हणून तेल सोडलं त्याने. आता पॅड म्हणजे काय, तर स्पंज. तेल पिऊन घेते. मंग कितीही दाबा, नुसतं घसरते. सपाटीवर समजत नाही. उतारावर समजते."

माझ्या हातातला चमचा थांबला. आजूबाजूचं सगळं बोलणं चालू होतं, गॉगलवाला काहीतरी सांगत होता, पण मला ते पाण्याखालून ऐकू आल्यासारखं वाटत होतं.

"समजा," मी म्हटलं, "चारच थेंब असले तर?"

"चार थेंब कोणाचे?"

"कोणाचेच नाही. समजा."

"तर त्याले मी माझ्या विमानाखाली झोपवीन," ते म्हणाले आणि पोह्यांकडे वळले.

मी वर पाहिलं. वळण रिकामं होतं. बाई चढायला सहा-सात मिनिटं घेतात, मग पुलियावर पाच मिनिटं. निघून किती वेळ झाला ते मला माहीत नव्हतं, कारण तो सगळा वेळ मी बैलाबद्दल बोलत होतो. आमचा उतार आता डोळ्यांपुढे आला तो वेगळाच. इतकी वर्षं मी त्याला एव्हरेस्ट म्हणत होतो ते गमतीने. त्या क्षणी तो खरोखर तेवढा उंच झाला, आणि त्याच्या टोकावर एक सहासष्ट वर्षांची बाई बसली होती, एक गुडघा स्टीलचा, आणि खाली हा तिठा, जिथे मोठ्या रस्त्यावरून बस येते.

मी फोन लावला. बाईंचा फोन वाजला. इथेच वाजला, माझ्यापासून दोन हातांवर, हँडलला अडकवलेल्या पिशवीत.

"भाऊ," मी ओरडलो, "मी डिस्कवर तेल टाकलं! काल! बाईंना थांबवा!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग जे हसले, ते मी जन्मात विसरणार नाही. गॉगलवाल्याने टाळी वाजवली. "वा! बैल झाला, आता तेल!"

"खरं सांगून राहिलो बे!"

"हव. बिबट्यासारखं."

बिबट्याचं असं, की महिनाभरापूर्वी गोरेवाड्याच्या रस्त्यावर माझ्यामागे बिबट्या लागला होता. मी इथे वहिनींच्या गाडीशी येऊन सगळ्यांना फोन केले, सगळे घाबरत घाबरत माझ्याबरोबर तिकडे आले. कुत्रा होता. पिवळा होता, पण कुत्रा. आता मी काय सांगणार? माझा चेहरा पांढरा पडला असणार, मी जागच्या जागी नाचत होतो, पण बिबट्याच्या वेळीसुद्धा मी हेच सगळं करून दाखवलं होतं, आणि छान करून दाखवलं होतं. विमानवाले तेवढे हसत नव्हते, पण उठलेही नव्हते. माझ्याकडे डोळे बारीक करून पाहत होते, खोटा बोल्ट ओळखायला पाहतात तसे.

मी धावत त्यांच्या सायकलकडे गेलो. तिच्या पायडलला त्यांच्याच बुटांची खाच बसते. माझ्या बुटांची वेगळी, ते बूटही नवेच घेतलेले, तळाला लोखंड. पाय ठेवला तो सटकला आणि नडगी सोलली. बाकीच्यांच्या पायडलचीही तीच तऱ्हा. बाईंच्या सायकलला कुलूप, किल्ली बाईंच्या खिशात. एवढं सामान घेतलेल्या माणसांत मला वर जायला एक सायकल मिळेना.

"माही घेऊन जा गा!" वहिनी म्हणाल्या.

पोह्यांच्या गाडीमागे त्यांची काळी सायकल उभी होती. कॅरिअरला पाण्याची कॅन बांधलेली. मी बूट काढून फेकले, अनवाणी पायडल मारायला सुरुवात केली. कॅन सोडायचं सुचलं नाही. अख्खा चढ मी वीस लिटर पाणी घेऊन चढलो. ते वीस लिटर पाणी मात्र मी वाढवून सांगत नाही, कॅनवर लिहिलेलं होतं.

चढताना मी कान लावला होता. आयुष्यात पहिल्यांदा मला तो आवाज हवा होता. काल ज्या किंचाळण्याने गल्ली उठली, ते मला आता वरून ऐकू यावं, एवढंच. म्हणजे पॅड धरतायत. ओरडा रे, ओरडा, बाळं उठू द्या, शर्ट जळू द्या. वरून काही येत नव्हतं. झाडांत पाखरं होती, माझा श्वास होता, कॅनमध्ये पाणी हिंदकळत होतं. मी स्वतःच्या हाताने तो आवाज मारला होता. घंटी काढली होती तीही मीच. माझी सायकल अंगावर येऊन आदळेपर्यंत समोरच्याला समजणार नाही, इतकी शांत करून मी बाईंना दिली होती.

दुसऱ्या वळणापाशी आवाज आला. ब्रेकचा नाही.

"बाजूला व्हा! सगळे बाजूला व्हा!"

चाळीस वर्षं साठ-साठ पोरांच्या वर्गावर चाललेला आवाज. सकाळी फिरायला आलेले दोन आजोबा त्या हुकमासरशी गवतात उभे राहिले, हात मागे बांधून. आणि बाई वळणावरून आल्या. पाठ ताठ, दोन्ही हात ब्रेकवर, बोटं पांढरी. एक चप्पल रस्त्यावर घासत होती. वेग खूप नव्हता असं लोक आता म्हणतात. मला तो विमानाचा वाटला.

"बाई, ब्रेक!" मी ओरडलो.

"लागत नाहीत!" त्या माझ्यापासून हातभर अंतरावरून गेल्या.

मी काळी सायकल वळवली आणि मागे सुटलो. "पाय घासा, बाई! डावीकडे घ्या!"

"ओरडू नका! मी बघते आहे!"

त्या पुढे, मी मागे. मी मागे जाऊन काय करणार होतो, मला ठाऊक नाही. हात पुरला असता तर कपडा धरला असता, आणि दोघं पडलो असतो. शेवटच्या वळणावरून तिठा दिसला, आणि तिठ्यावर डावीकडून येणारी बसही दिसली. लाल. मला त्या क्षणी खूप गोष्टी आठवल्या असं म्हणायची पद्धत आहे. मला एकच आठवलं: "तुम्ही थांबल्याचं तुम्हालाच कळणार नाही." माझंच वाक्य.

बस थांबली.

रस्त्याच्या मधोमध वहिनी उभ्या होत्या. हातात झारा, झाऱ्यातून तेल ठिबकतंय. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि त्या त्याच्याकडे झारा रोखून म्हणत होत्या, "वाजव किती वाजवतं थे! माही बाई येऊन राहिली!"

बाई बससमोरून, वहिनींच्या पाठीमागून, सरळ पलीकडे मैदानाच्या उघड्या फाटकातून आत गेल्या. गवतात सायकल मंदावली, डगमगली आणि आडवी झाली. मी काळ्या सायकलचे ब्रेक दाबले. सळईचे जुने ब्रेक, असे किंचाळले की बसमधली माणसं खिडकीशी आली. पण सायकल जागच्या जागी थांबली.

बाई उठून बसल्या होत्या. कोपर खरचटलं होतं, चप्पल झिजून तिचा पापड झाला होता. त्यांनी आधी गुडघा हलवून पाहिला. एकदा वाकवला, एकदा सरळ केला. तेवढ्या वेळात मी म्हातारा झालो. "ठीक आहे," त्या म्हणाल्या.

मंडळ धावत आलं. आता कोणी हसत नव्हतं. मी खरं बोलतोय हे वहिनींना कसं कळलं, ते मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, "तू तर्री टाकून उठला गा. बिबट्याच्या वेळी प्लेट चाटूनपुसून मंग पळाला होता."

विमानवाल्यांनी माझी सायकल उचलली, चाक फिरवलं, चकतीवरून बोट फिरवून नाकाशी नेलं. "तेल आहे," ते हळूच म्हणाले.

"कंपनीचीच खराबी," गॉगलवाला म्हणाला. "खोक्यातच सांडलं असंल. तक्रार टाक बे, फोटो काढ."

बघा, दार उघडंच होतं. माझ्या तोंडात सगळं तयार झालं होतं. खोकं एका कोपऱ्यात ओलं होतं, मला तेव्हाच शंका आली होती, मी कंपनीला फोनसुद्धा लावला होता. मघाशी मी ओरडून खरं सांगितलं होतं, पण त्यावर कोणाचा विश्वासच बसला नव्हता. म्हणजे ते मी बोललोच नाही असं धरता आलं असतं. इतकी सुंदर गोष्ट झाली असती ती. बाई केसांतलं गवत काढत माझ्याकडे पाहत होत्या. वर्गात पोरांकडे अशाच पाहत असणार.

"मी टाकलं," मी म्हटलं. "आवाज करत होतं म्हणून. चार थेंब."

कोणी काही बोललं नाही. बाईही बोलल्या नाहीत. ती शांतता एका मिनिटाची होती, पण त्या एका मिनिटामुळे मला अजून घरातल्या पंख्याची भीती वाटते.

मग बाईंनी विचारलं, "तुमच्या कारखान्यात तेलाचा डाग दिसला की काय करता?"

"ठाण बाजूला काढतो."

"पुसत नाही?"

"पुसून निघत नाही, बाई."

"मग पॅड बाजूला काढा. नवे बसवा, या भाऊंच्या हाताने बसवा." त्यांनी हात पुढे केला, मी त्यांना उठवलं. "आणि ही फेरी मी धरत नाही. निकाल द्यायचा राहिलाय. पुढच्या रविवारी परत माझीच पाळी."

"बाई, नको," मी म्हटलं. "मीच मारतो."

"नियम तुमच्यामुळेच झालाय ना?"

तो आठवडा कसा गेला ते बायकोला विचारा. विमानवाल्यांनी येऊन चकत्या स्पिरिटने तीनदा धुतल्या, नवे पॅड घातले, कपाटातला तो पाना आणून बोल्ट आवळले आणि पाना पेटीत घालून परत नेला. मग रोज संध्याकाळी मी गल्लीत ब्रेक घासले. काय ओरडले! बाळाला मामाकडे पाठवलं, इस्त्रीवाल्याने गाडी पुढच्या गल्लीत नेली. शुक्रवारी आवाज जरा कमी झाल्यासारखा वाटला, तर मी रस्त्याच्या कडेला बसून अर्धा तास चकतीचा वास घेत होतो, आणि मग घासणंच थांबवलं. बायको बाहेर आली, बघून आत गेली. घंटीही मी परत बसवली.

रविवारी बाई गेल्या. कोपराला पट्टी, नवी चप्पल, चिमटा तोच. वहिनींनी माझ्या हातात प्लेट दिली. मी ती धरून बसलो, तर्रीवर साय धरेपर्यंत.

शेजारी गॉगलवाला मंडळात नव्याने आलेल्या एकाला गेल्या रविवारची गोष्ट सांगत होता. वहिनींनी झाऱ्याने बसेस अडवल्या. आठ बसेस. एक ट्रक.

"एक," मी म्हटलं.

"काय एक?"

"बस. एकच होती. ट्रक नव्हता."

"पाह्य बे, हा भाऊ आता कमी करून सांगून राहिला!" सगळे हसले.

मी हसलो नाही. मी वळणाकडे पाहत होतो. सात मिनिटं चढायला, पाच पुलियावर. या वेळी मी घड्याळ लावलं होतं. बारा झाली. तेरा. चौदाव्या मिनिटाला मी प्लेट खाली ठेवली. वहिनींनी ते पाहिलं, आणि झारा हातात घेतला.

तेव्हा वरून तो आवाज आला. लांबून, झाडांमधून, कोणीतरी पत्र्यावर नख ओढावं तसा, दात शिवशिवतील असा. मग घंटी. मग परत तो. पहिल्या वळणावर ओरडला, दुसऱ्या वळणावर ओरडला. सगळ्यांनी कानात बोटं घातली.

मी प्लेट उचलली आणि वहिनींना म्हटलं, "वहिनी, तर्री थंडी झाली. वरून गरम टाका ना थोडी."